मुकी गाय आणि बोलकी आई

दिवाळीचा पहिला दिवा आपण गाईपुढे लावतो. आमच्या पाथर्डीकडच्या खेड्यात वसुबारसेच्या संध्याकाळी अजूनही दारात गाय-वासरू उभे करतात. घरची सवाष्ण गाईच्या पायांवर पाणी घालते, कपाळी हळदकुंकू लावते, वासराच्या पाठीवरून हात फिरवते आणि मगच बाजरीची भाकरी नि गवारीची भाजी खाऊन उपास सोडते. हा देखावा मी जन्मभर पाहत आलो आहे, आणि तो मला आवडतो. हे आधीच सांगून ठेवतो; कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कुणी मला गाईचा वैरी ठरवू नये.

वसुबारस होते, लक्ष्मीपूजन होते, भाऊबीज उरकते आणि गाव रिकामे होऊ लागते. ऊसतोडणीच्या काही टोळ्या दसऱ्यालाच गेलेल्या असतात; उरलेल्या आता निघतात. टायरगाडीला बैल जुंपलेले, गाडीत बाजरीचे पोते, भांडीकुंडी, कोयते, एखादी शेळी आणि अंगावर पिणारे मूल. मुकादमाची उचल घेतलेली असते. ती फेडल्यावाचून सुटका नाही. बैल गाडीबरोबर जातात, कारण बैलांवाचून गाडी नाही आणि गाडीवाचून ऊस कारखान्यावर पोचत नाही. मागे राहतात ती म्हातारी माणसे. ज्या दारात गाईची पूजा झाली त्याच दारात चार दिवसांनी सत्तरी उलटलेली म्हातारी कपाळावर आडवा हात धरून गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभी असते. तिच्या कमरेला घराची किल्ली असते, हाताला शाळेत जाणारा नातू असतो, आणि पुढचे पाच महिने तिच्या दुखण्याखुपण्याला कोण, या प्रश्नाला उत्तर नसते.

मी शाळामास्तर. या नातवंडांना शिकवतो. मागे एकदा वर्गात निबंध घातला होता. 'गाय' हा निबंध पोरांना पाठच असतो : गाय हा उपयुक्त पाळीव प्राणी आहे, तिला चार पाय असतात, ती दूध देते. म्हणून मी मुद्दाम 'माझी आजी' हा विषय दिला. एका पोराने लिहिले, "माझी आजी घरी राहते. ती माझा सांभाळ करते. भाकरी करते. कोंबड्या राखते. आजी फार उपयोगी आहे." वर्ग हसला, मीही हसलो. घरी वह्या तपासताना मात्र हसू आले नाही. उपयोग संपला म्हणजे या आजीचे काय, असा प्रश्न मनात आला, आणि तो अजून गेलेला नाही.

ऊसतोड्या लेकाला मी दोष देत नाही. पोटाने ज्याला गावाबाहेर काढले त्याला आईबापांच्या सेवेवर प्रवचन देणे हा शुद्ध निर्लज्जपणा होईल. त्याच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना २०२१ साली निघाली. हेही चांगलेच झाले. म्हाताऱ्यांसाठी मात्र गावात पार आहे. दोष द्यायचाच तर आमच्यासारख्या पगारदारांना द्यावा. याच २०२१ साली लातूर जिल्हा परिषदेने आईवडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के रक्कम कापून ती आईवडिलांच्या खात्यात भरायला सुरुवात केली. ज्यांच्याविरुद्ध तक्रारी आल्या त्यांत शिक्षकही होते! 'मातृदेवो भव' फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिणारे हात ते. ही बातमी आमच्या शिक्षक-खोलीत वाचली गेली तेव्हा सगळ्यांनाच एकदम चहाची तल्लफ आली.

आता निवडणुकीकडे वळतो. वाचक म्हणतील, आईबापांच्या गोष्टीत निवडणूक कुठून आली? ती मी आणली नाही. ती वसुबारसेच्या दारातून आपल्या पायांनी आत आली आहे, तीही गाईचे शेपूट धरून.

जनावराच्या पाठीवर बसून मते मागणे हा आपला जुना परिपाठ आहे. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून १९६९ मध्ये पक्ष दुभंगेपर्यंत काँग्रेसचे चिन्ह बैलजोडी होते. १९७१ साली इंदिरा गांधींच्या पक्षाने गाय-वासरू घेतले; १९७८ साली ते जाऊन पंजा आला. चित्रापुरते हे ठीक होते. परंतु चित्रावर भागेना, तेव्हा जिवंत जनावरे मिरवणुकीत येऊ लागली. शेवटी निवडणूक आयोगाने सर्व पक्षांना बजावले की, प्रचारात कोणत्याही रीतीने जनावरांचा वापर करू नका. तुमचे चिन्हच एखाद्या प्राण्याचे असले तरी तो प्राणी जिवंत आणून दाखवू नका. नवी चिन्हे देताना पशुपक्ष्यांची चिन्हे देणेही आयोगाने थांबवले.

ही सूचना मला फार शहाणपणाची वाटते. तिच्यामागचा विचार साधा आहे. बैलाला सभा कळत नाही, फटाका मात्र कळतो. गर्दीत नेऊ नका, गुलाल डोळ्यांत जातो, उन्हात तीन तास उभे करू नका, असे तो सांगू शकत नाही. म्हणून त्याच्या वतीने कुणीतरी बोलले पाहिजे. ज्याला तोंड असून बोलता येत नाही, त्याच्याकरता बोलणे हाच भूतदयेचा अर्थ.

परंतु सूचना झाली म्हणून सुधारणा होतेच असे नाही. आमच्या गावात एका उमेदवाराची फेरी निघाली तेव्हा शिंगांना बेगड लावलेली, झूल पांघरलेली बैलजोडी पुढे होतीच. विचारले तर म्हणाले, "ही प्रचाराची नव्हे, गावकऱ्यांची हौस!" फटाक्यांची माळ लागली तसा एक बैल बुजला, जू मोडता मोडता राहिले, आणि धन्याने भररस्त्यात त्याच्या नाकातली वेसण रक्त येईपर्यंत ओढली. पुढे गाडीवरून भाषण चालूच होते. विषय होता गोवंशाचे रक्षण.

बैलगाडा शर्यतींचेही तेच. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून परवानगी दिली, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. शर्यती असाव्यात की नसाव्यात हा वाद मी इथे काढत नाही. एवढेच सांगतो की, तेव्हापासून शर्यतीच्या फलकावर बैलाच्या शिंगांपेक्षा पुढाऱ्याचे मस्तक मोठे असते.

आणि मग आली २०२४ सालची विधानसभा. ३० सप्टेंबर रोजी राज्य सरकारने देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' म्हणून घोषित केले. नोंदणी झालेल्या गोशाळांना देशी गाईमागे रोज ५० रुपये देण्याचेही ठरले. पंधरवड्याने, १५ ऑक्टोबरला, निवडणूक जाहीर झाली. योगायोग म्हणा हवे तर.

मी मास्तर, मला हिशेबाची खोड. ५० रुपये रोज म्हणजे महिन्याचे १,५०० झाले. हा आकडा कुठेतरी पाहिला आहे असे वाटले. पाहिला होता. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरील निराधार म्हाताऱ्याला २०२३ पासून महिन्याचे १,५०० रुपये ठरले आहेत. म्हणजे राज्यमातेची किंमत आणि माझ्या शेजारच्या म्हातारीची किंमत पैनपै एक! आणि ही प्रगती आहे बरे का. २०१९ च्या दुष्काळात चारा छावणीत मोठ्या जनावरामागे रोजचे ९० रुपये मिळत, ते पुढे १०० झाले. त्याच उन्हाळ्यात श्रावणबाळाचे अनुदान महिन्याला ६०० होते, म्हणजे रोजचे २०. छावण्यांनी आमच्या जिल्ह्यातील दावणी राखल्या, त्याबद्दल कुणीही कृतज्ञच असेल. पण एका गावात, एका उन्हात, एकाच सरकारने मांडलेले हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा.

शिवाय अट आहे. श्रावणबाळासाठी वर्षाचे उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे. त्याच २०२४ साली आलेल्या 'लाडक्या बहिणी'ला मात्र घरचे उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालते. वय तेवढे २१ ते ६५ हवे. म्हणजे पासष्टी ओलांडली की बहीण लाडकी राहत नाही. ती आई होते, आणि आईला मदत हवी असेल तर तिने आधी एकवीस हजारांच्या आत दरिद्री व्हावे लागते. श्रावणाने आईबापांना कावडीत बसवण्यापूर्वी त्यांच्याकडे उत्पन्नाचा दाखला मागितला होता, असे काही आमच्या ऐकण्यात नाही.

कायद्याची गोष्टही पाहण्यासारखी आहे. महाराष्ट्रात २०१५ च्या दुरुस्तीने गाईप्रमाणे बैल आणि वळू मारणेही गुन्हा झाले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपये दंड. आईवडिलांचा निर्वाह व कल्याण यांसाठी केंद्राचा कायदा २००७ सालचा आहे. त्यात म्हाताऱ्या आईबापांना वाऱ्यावर सोडून देणाऱ्याला शिक्षा आहे तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मारणे आणि सोडणे एक नव्हे, हे मला समजते. पण खाटल्यावर पडलेल्या माणसाला सोडून जाणे हे मारण्यापासून किती कोस दूर आहे, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

आणि शिक्षा वाढवून तरी काय साधणार? माझ्या चुलत्यांचा एक बैल म्हातारा झाला. पूर्वी असा बैल घोडेगावच्या किंवा काष्टीच्या बाजारात जाई. पुढे त्याचे काय होते ते विचारायचे नाही, असा सगळ्यांचा संकेत होता. कायदा झाला आणि गिऱ्हाईक गेले. चुलत्यांनी बैल ठेवला. मनाने चांगला माणूस. पण कडबा विकत, पाणी विकत, आणि स्वतः चुलते गुडघ्यांनी अधू. बैल एके दिवशी बसला तो उठेना. त्याला कूस बदलून द्यायला चार माणसे लागत, आणि गल्लीत चार धडधाकट माणसे नव्हती. सगळी उसाला गेलेली. कायद्याने बैल मारू नका म्हटले, पण त्याला उठवणार कोण, हे सांगितले नाही. त्याच घराच्या पडवीत चुलतीही पडून होती. तिलाही कूस बदलून द्यावी लागे. तिच्यासाठी कायदा प्रांतांच्या कचेरीत होता. तिथे अर्ज केला तर मुलाकडून महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाह मिळू शकतो. पण हुकुमाने पैसा येतो, हात येत नाहीत. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणारे हात कोणत्याही कलमात नाहीत. त्या कायद्यात मुलगा आहे, मुलगी आहे, नातवंडे आहेत. प्रत्यक्षात रात्री उठते ती सून, आणि तिचे नाव कुठेच नाही. ना कायद्यात, ना मृत्यूनंतरच्या शोकसभेत.

माझे म्हणणे एवढेच आहे : सेवा हे रोजचे काम आहे. गाईची असो की आईची. त्याला चारा लागतो, पाणी लागते, औषध लागते, आणि सर्वांत मुख्य म्हणजे माणूस लागतो. ते काम मिरवणुकीत होत नाही, घोषणेने होत नाही, आणि पाद्यपूजेनेही होत नाही.

यावर आमचे संस्कारवादी मित्र म्हणतात, "हे सारे पाश्चात्त्य वळणामुळे झाले. वृद्धाश्रम निघाले तिथेच संस्कृती बुडाली." दुसऱ्या बाजूचे सुशिक्षित म्हणतात, "भावनेच्या आहारी जाऊ नका. चांगल्या वृद्धाश्रमात ठेवा. वेळेवर जेवण, वेळेवर औषध." दोन्ही पक्ष दिवाळीच्या फराळावर तासन्‌तास भांडतात. ज्या आईबापांबद्दल भांडण चालले आहे ती माणसे त्याच खोलीत भिंतीला टेकून बसलेली असतात, आणि त्यांना कुणी काही विचारत नाही!

मी हे दुसऱ्याला शहाणपण सांगण्यासाठी लिहीत नाही. माझ्याच हातून हे घडले. तीन वर्षांपूर्वी माझी आई न्हाणीत घसरली आणि खुब्याचे हाड मोडले. नगरला नेले, शस्त्रक्रिया झाली. तिच्या खाटेच्या पायथ्याशी बसून आम्ही दोघा भावांनी बैठक भरवली. धाकटा पुण्याला असतो, चौथ्या मजल्यावर. तो म्हणाला, सहा महिने माझ्याकडे, सहा महिने तुझ्याकडे. मी म्हटले, वर्षातून दोनदा इकडून तिकडे नेण्यापेक्षा नगरच्या एखाद्या वृद्धाश्रमात ठेवू, दोघे मिळून पैसे भरू. तो संतापला. मीही आवाज चढवला. खर्च, अंतर, बायकांच्या नोकऱ्या, पोरांच्या परीक्षा, सगळे निघाले. अर्ध्या तासाने खाटेवरून आवाज आला :

"झालं का ठरवून? बाजारात गाय घेताना यापारी बी तोंड उघडून दात बघतो रं. तुमी तर माझं तोंडबी उघडू देईना."

आम्ही दोघे गप्प झालो. शेजारच्या खाटेवरची बाई हसली. मला त्या हसण्याची आजही लाज वाटते.

मग विचारले. तिने सांगितलेल्या गोष्टी आमच्या दोघांच्याही यादीत नव्हत्या. गाव सोडायचे नाही. रात्री एकटे निजायचे नाही. न्हाणीला धरायला दांडा हवा आणि शौचाला उंच बैठक हवी. आपला चहा आपल्या हाताने करीन. "आन् माझं मलाच कळंनासं झालं, हातरुनातच सगळं व्हायला लागलं, का मग ठिवा आश्रमात. सुनंच्या हातनं ते नगं." हे शेवटचे वाक्य ऐकून धाकटा बाहेर गेला तो बराच वेळ आला नाही.

आज आई गावातच आहे. गल्लीतली एक विधवा बाई रात्री सोबतीला येते; तिचा पगार दोघे भाऊ मिळून देतो, आणि तो उपकार म्हणून नव्हे, कामाचा मोबदला म्हणून महिन्याच्या पहिल्या तारखेला देतो. रविवारी आईच्या डोक्याला तेल लावणे आणि तिची नखे काढणे हे काम माझे आहे, बायकोचे नाही. पुढे वेळ आली तर आश्रमाचा विचार करू. तो तिने स्वतः सांगून ठेवलेला मार्ग असेल, आमची पळवाट नसेल. वृद्धाश्रम पाप की पुण्य, हा वाद मला त्या दिवसापासून पोरकट वाटतो. न विचारता घरात डांबलेली आई आणि न विचारता आश्रमात टाकलेली आई, या दोघींत मला फरक दिसत नाही. दोघींनाही आपण मुकी ठरवलेले आहे.

आपली उलटी रीत अशी आहे. मुक्या जनावराच्या वतीने बोलायचे तिथे आपण त्याला मिरवणुकीत ओढतो. आणि ज्या माणसाला तोंड आहे, त्याच्या वतीने आपण बोलत सुटतो. उमेदवार आमच्या दारी आला तेव्हा त्याने वाकून आईच्या पायांवर डोके ठेवले. बरोबरच्याने छायाचित्र काढले. आईने त्याला विचारले, "बाबा, दवाखान्यात गोळ्या कधी येत्याल?" तोवर तो पुढच्या दारी पोचला होता. छायाचित्र मात्र संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाच्या खिशातल्या फोनवर आले : मातेचा आशीर्वाद! बैलाला वापरू नका असे आयोगाने सांगितले. म्हातारीचेही तेवढे सांगून टाकावे, अशी माझी नम्र सूचना आहे.

सरकारला दारापर्यंत येता येत नाही, असे मात्र कुणी सांगू नये. त्याच २०२४ साली ८५ वर्षांवरील मतदारांना घरबसल्या मत देण्याची सोय झाली. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांकडे अधिकारी आले, शिपाई आला, पोलीस आला, चित्रण करणारा आला. खाटेवर बसून आजोबांनी गुप्त मतदान केले. उत्तम सोय, मला तिचा अभिमान वाटला. पण एका मतासाठी एवढी माणसे एका खाटेपर्यंत येऊ शकतात, तर महिन्यातून एकदा रक्तदाब पाहायला एक परिचारिका का येऊ शकत नाही?

तेव्हा यापुढे मते मागायला येणाऱ्याला दोन प्रश्न विचारा. पहिला : गाई-बैलांवर एवढे प्रेम आहे ना, मग म्हाताऱ्या जनावराचा कडबा, पाणी आणि डॉक्टर यांची व्यवस्था या गावात काय करणार? दुसरा : टोळ्या उसाला गेल्यावर मागे राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे पाच महिने कोण फिरकणार, त्या माणसाला पगार किती देणार आणि कुठून देणार? दोन्हींची उत्तरे आकड्यांत मागा. तो गहिवरला तर पाणी द्या आणि प्रश्न पुन्हा विचारा.

आमच्या जिल्ह्याला आता अहिल्यादेवींचे नाव मिळाले आहे. जामखेड तालुक्यातल्या चौंडीची ही लेक. तिने देशभर बारवा बांधल्या, घाट बांधले, धर्मशाळा आणि अन्नछत्रे चालवली. बारवेवर जनावरही पाणी पिते आणि वाटसरू म्हातारीही पिते. पाणी पाजण्यापूर्वी कुणाला ओवाळावे लागत नाही. नाव घेतले आहे तर एवढी रीतही घ्यावी.

आणि घरच्यासाठी एकच विनंती. या वसुबारसेला गाईची पूजा अवश्य करा. वासराला गोंजारा. मग आत जा, आईच्या, सासूच्या, वडिलांच्या शेजारी बसा, आणि विचारा : पुढे कसे राहायचे तुमच्या मनात आहे? कोणाकडे? कशा रीतीने? उत्तर ऐकून घ्या; मधे बोलू नका. ते आपल्या सोयीचे नसेल, खर्चाचेही असेल. निदान ते त्यांचे असेल. फराळाचे ताट त्यानंतर पुढे केलेत तरी चालेल.